काठावरचे रोप

माणसे मोजणे हा धर्मगुरूच्या आयुष्यातील एक नित्याचा भाग असतो, हे फारसे कोणाच्या ध्यानात येत नाही. रविवारच्या मिस्सेला किती माणसे आली, वर्षभरात बाप्तिस्मे किती झाले, लग्ने किती लागली, किती जणांना मूठमाती दिली, हे सारे नोंदवह्यांत लिहावे लागते आणि वर्षाअखेरीस त्याचे तक्ते वर पाठवावे लागतात. गेल्या पंचवीसहून अधिक वर्षांत असे कितीतरी तक्ते मी भरले. रविवारची उपस्थिती लिहिताना बाकांच्या रांगा नजरेने मोजायच्या, एका बाकावर सरासरी सात माणसे धरायची आणि येणारा आकडा थोडा वरच्या अंगाने पूर्ण करायचा, ही माझी पद्धत. त्यात काही वावगे आहे असे मला कधी वाटले नाही. आपल्याच धर्मग्रामातील एका मुलीने माझी ही समजूत दूर केली. ती हकीकत मी आज सांगणार आहे.

या मुलीला मी तिच्या दृढीकरणाच्या वर्गापासून ओळखतो. तिचे आईवडील नगर जिल्ह्यातून पुण्यात आले. वडील रिक्षा चालवतात, आई चार घरची धुणीभांडी करते. मुलगी स्थापत्य अभियांत्रिकी शिकली, पुढे वाहतूक अभियांत्रिकीची पदव्युत्तर पदवी मिळवली आणि नंतर पुण्यातच पीएच. डी.साठी तिने नाव नोंदवले. मिश्र वाहतुकीत पायी चालणारी माणसे रस्ता कशी ओलांडतात, हा तिचा विषय. तो ऐकून तिची आई मला म्हणाली होती, “फादर, रस्ता ओलांडायला एवढं शिकावं लागतं होय?” आम्ही सारेच हसलो होतो.

मीही एके काळी प्रबंध लिहिला आहे. नगर रोडवरील रामवाडीला ज्ञानदीप विद्यापीठात तत्त्वज्ञान आणि ईशज्ञान शिकताना तो लिहावा लागला. त्या रस्त्याशी माझे नाते त्याहून जुने. १ जून १९४८ रोजी राज्य परिवहनाची पहिली बस पुणे ते अहमदनगर याच मार्गावर धावली, आणि त्यानंतर चाळीस वर्षांनी तशाच एका एस. टी.तून पत्र्याची ट्रंक घेऊन मी सेमिनरीत दाखल झालो. आज रामवाडीला मेट्रोचे स्थानक आहे. ते मार्च २०२४ मध्ये सुरू झाले. माझा प्रबंध ग्रंथालयात बसून झाला. कोणी काय म्हटले आहे ते शोधायचे, पडताळायचे, तळटीप द्यायची. माणसाला रस्त्यावर उभे राहून काही विचारण्याची वेळ माझ्यावर आली नाही. त्यामुळे या मुलीला संशोधनपद्धती नावाचा स्वतंत्र विषय शिकावा लागतो, त्याची परीक्षा असते, हे ऐकून मला नवल वाटले. विद्यापीठ अनुदान आयोगाने २००९ च्या नियमांपासून पीएच. डी.च्या विद्यार्थ्यांना असा अभ्यासक्रम सक्तीचा केला आहे, असे तिने सांगितले.

तिचा पहिला धडा मात्र वर्गात झाला नाही, घरातच झाला. घरोघरी जाऊन विचारायची एक प्रश्नावली तिने तयार केली होती. काल तुम्ही कोठे कोठे गेलात, कशाने गेलात, किती वेळ लागला, असे प्रश्न. सरावासाठी पहिल्यांदा आईला विचारले. आई म्हणाली, “काल? काल कुठंच नाही गेले मी.” मुलीने लिहिले: प्रवास शून्य. मग तिच्या लक्षात आले, की आई काल चारही घरी कामाला गेली होती, येताना बाजार करून आली होती आणि संध्याकाळी नोव्हेनालाही येऊन गेली होती. हे सारे पायी. पायी गेलेले आईच्या लेखी ‘जाणे’च नव्हते. गावी जाणे म्हणजे जाणे. बसने जाणे म्हणजे जाणे. प्रश्न चुकीच्या शब्दांत विचारला, तर खरे बोलणाऱ्या माणसाकडूनही खोटे उत्तर मिळते, हे तिने त्या दिवशी वहीत लिहून ठेवले.

रस्त्यांच्या शास्त्रात पायी चालणाऱ्याची अशी उपेक्षा नवी नाही, हेही तिच्याकडूनच कळले. इंडियन रोड्स काँग्रेसने शहरी रस्त्यांच्या क्षमतेसंबंधी १९९० साली एक मार्गदर्शिका प्रसिद्ध केली. तीत प्रत्येक वाहनाची किंमत मोटारीच्या मापाने दिली आहे. मोटार म्हणजे एक. दुचाकी अर्धी किंवा पाऊण. बस सव्वादोनच्या आसपास किंवा पावणेचारच्या आसपास. हातगाडीसुद्धा दोन किंवा तीन. वाहतुकीत त्या वाहनाचे प्रमाण किती, यावर लहान की मोठी किंमत घ्यायची ते ठरते. पायी चालणाऱ्याचे नाव त्या तक्त्यात नाही. तक्ता वाहनांचा आहे, तेव्हा त्याला दोष देता येणार नाही. परंतु चौकात उभे राहून केवळ या तक्त्याने मोजणी केली, तर तिची आई कोठेच दिसणार नाही, एवढे खरे.

इथवर सारे कौतुकाचे होते. पुढे मात्र एक दुःखद घटना घडली.

तीन वर्षांपूर्वीच्या पावसाळ्यात आमच्या फाटकासमोरच्या रस्त्यावर धर्मग्रामातील एक वृद्ध गृहस्थ सकाळच्या मिस्सेला येताना वाहनाच्या धडकेने गेले. गवंडीकाम करून त्यांनी मुलांना वाढवले होते. देवळाच्या मागची भिंत त्यांच्याच हातची. वर्षभरात त्या रस्त्यावर गेलेले ते तिसरे. मृत्यूच्या नोंदवहीत त्यांचे नाव लिहिताना माझा हात जड झाला. मागची पाने चाळली, तेव्हा आधीच्या सहा वर्षांत त्या रस्त्यावर अपघाताने गेलेल्या कोणाचेही नाव सापडले नाही. याचा अर्थ उघड होता: रस्ता अलीकडे घातक झाला आहे. फाटकासमोर गतिरोधक हवा. तसा अर्ज मी लिहिला, दोन रविवारी सह्या गोळा केल्या आणि संबंधित कार्यालयात नेऊन दिला. तेथील अधिकारी सौजन्याने बोलले, पण म्हणाले, “फादर, यासोबत काही शास्त्रीय पाहणी जोडता आली, तर पहा.”

मला आनंदच झाला. शास्त्र तर आमच्या घरातच होते. मी तिला बोलावले. त्या वृद्धांचा मुलगाही आला होता. मी म्हटले, “बाळ, आपल्या रस्त्याइतका धोकादायक रस्ता शहरात दुसरा नाही आणि गतिरोधकाने अपघात थांबतील, एवढे तुझ्या भाषेत लिहून दे.”

तिने एक आठवडा मागितला. आठवड्याने ती आली आणि खाली मान घालून म्हणाली, “फादर, असं लिहिता येणार नाही.”

मी कारण विचारले. तिने आमच्या स्वयंपाकघरातून मूठभर हरभरे मागून घेतले आणि व्हरांड्यातील शहाबादी फरशांवर उधळले. कोठे एक दाणा पडला, कोठे दोन, कित्येक फरशा कोऱ्या राहिल्या. एका फरशीवर मात्र सहा दाणे पडले. तिने त्या फरशीवर खडूने खूण केली. “या फरशीत काही दोष आहे का, फादर?” मी म्हटले, नाही. मग तिने त्या फरशीवर थोडे पाणी शिंपडले, दाणे वेचले आणि पुन्हा उधळले. खुणेच्या फरशीवर या वेळी एकच दाणा पडला. “आता कोणी म्हटलं, की पाणी शिंपडल्यामुळे दाणे कमी झाले, तर?”

मग तिने समजावून सांगितले. ज्या वर्षी एखाद्या ठिकाणी अपघात फार होतात, नेमके त्याच वर्षी आपले लक्ष तिकडे जाते. नंतरच्या वर्षी काहीही केले नाही, तरी आकडा बहुधा खाली येतो, कारण आधीचा आकडाच योगायोगाने चढलेला असतो. फ्रान्सिस गॉल्टन यांनी १८८६ साली आईवडिलांच्या आणि मुलांच्या उंचीचा अभ्यास करताना ही सरासरीकडे परतण्याची गोष्ट मांडली. रस्त्यांवरील उपायांच्या बाबतीत हा चकवा कसा ओळखायचा, याविषयी कॅनडातील एझ्रा हाउअर यांनी १९९७ साली एक ग्रंथच लिहिला. आपल्या नोंदवहीत तर केवळ आपल्याच लोकांची नावे. रस्ता मात्र साऱ्या शहराचा. तीन या आकड्यावरून रस्ता घातक झाला असे म्हणता येत नाही, असे तिचे म्हणणे होते.

तो मुलगा इतका वेळ गप्प होता. तो उठला. “म्हणजे आमचे वडील योगायोगानं गेले म्हणायचं? हरभरे आणि ते सारखेच?” एवढे बोलून तो निघून गेला.

तिचा चेहरा पांढरा पडला. मीही रागावलो होतो, हे कबूल केले पाहिजे. मी म्हटले, “तुझं शास्त्र खरं असेल, पण ते कोणाच्या दारात कधी बोलायचं, हेही तुम्हाला शिकवतात की नाही?” ती काही बोलली नाही. फरशीवरचे दाणे तिने एकेक वेचून वाटीत ठेवले आणि गेली.

दुसऱ्या दिवशी ती त्या मुलाच्या घरी गेली, हे मला नंतर कळले. तिने प्रथम क्षमा मागितली. मग त्याला विचारले, की त्या सकाळी नेमके काय घडले. हा प्रश्न आमच्यापैकी कोणीच त्याला विचारला नव्हता. सांत्वनाला शेकडो लोक जाऊन आले होते. मीही गेलो होतो. सरकारी कागदावर ‘रस्ता ओलांडताना’ एवढेच लिहिलेले होते. मुलगा म्हणाला, “बस उभी होती ना. ते बसमधून उतरले आणि बसच्या पुढूनच निघाले. बसच्या उजवीकडून गाडी आली. त्याला हे दिसले नाहीत, यांना तो दिसला नाही.”

ती तेथून थेट माझ्याकडे आली. “फादर, काल मी अर्धंच बोलले,” ती म्हणाली. “एका मृत्यूवरून अपघात किती होतात, ते सांगता येत नाही. पण अपघात कसा होतो, ते एका मृत्यूवरूनही कळू शकतं. ते मी विचारलंच नव्हतं. आणि धोका सिद्ध झालेला नाही म्हणजे धोका नाही, असंही मी म्हणायला नको होतं. आपल्याला अजून माहीत नाही, एवढंच खरं.”

मी विचारले, “मग माहीत करून घ्यायला आणखी माणसं मरायची वाट पाहायची का?”

“नाही,” ती म्हणाली. “थोडक्यात वाचलेली मोजायची.”

ही कल्पना मला नवी होती. १९६० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेत जनरल मोटर्स कंपनीच्या संशोधकांनी ती मांडली आणि पुढे स्वीडनमधील लुंड विद्यापीठात तिचे पक्के शास्त्र झाले. अपघात क्वचित होतात. पण अपघात होता होता टळण्याचे प्रसंग रोज घडतात. माणूस ज्या जागेवरून पुढे गेला, त्याच जागी वाहन किती वेळाने आले, हे चित्रफितीवर मोजायचे. हे अंतर सेकंद-दीड सेकंदाच्या आत असेल, तर तो प्रसंग नोंदवायचा. असे प्रसंग कोठे, केव्हा आणि कशामुळे दाटतात, हे थोड्याच दिवसांत कळते. त्यासाठी कोणाला मूठमाती द्यावी लागत नाही.

तिच्या प्रबंधात आमचा रस्ता घेता येणार नव्हता. प्रबंधासाठीची ठिकाणे तिने चिठ्ठ्या टाकून निवडली होती आणि त्यांत आमचे ठिकाण आले नव्हते. दुःखामुळे निवडलेली जागा नमुन्यात घातली, तर सारा नमुना एका अंगाला झुकेल, असे तिच्या मार्गदर्शक सरांनी बजावले होते. मात्र पद्धतीची पूर्वचाचणी म्हणून येथे काम करण्यास त्यांनी संमती दिली. धर्मगृहाच्या गच्चीवर कॅमेरा लावायचा, खाली थांब्यापाशी माणसे बसून मोजणी करणार आणि दोन्हींचा ताळा पाहायचा, असे ठरले. मोजणीसाठी मी युवक मंडळातील काही मुले दिली, आणि सकाळची मिस्सा झाल्यावर मी स्वतःही बसू लागलो.

मोजणे हे किती कठीण काम आहे, ते मला पन्नाशी उलटल्यावर समजले. कागदावर चार उभ्या रेघा आणि पाचवी आडवी, एवढेच करायचे. परंतु ओळखीचा कोणी “जय ख्रिस्त, फादर” म्हणाला, की मान वर व्हायची आणि तेवढ्यात दोन माणसे निसटायची. पावसात कागद भिजायचा. माझ्या शेजारी बसलेल्या मुलाचा आकडा आणि माझा आकडा पहिल्या दिवशी जुळलाच नाही. ती रागावली नाही. म्हणाली, “दोघांचे आकडे तंतोतंत जुळले असते, तर मला काळजी वाटली असती.”

ती काळजी चौथ्या दिवशी खरी ठरली. मीच शिफारस केलेल्या एका मुलाचा कागद फार सुंदर होता. प्रत्येक पंधरा मिनिटांचे आकडे जवळजवळ सारखे. बस आली काय, पाऊस आला काय, माणसांचा ओघ एकच. त्या जागेवर ठरवून दुसऱ्या गटालाही मोजायला बसवले होते आणि त्यांचे कागद निराळेच सांगत होते. भारतीय सांख्यिकी संस्थेचे प्रशांतचंद्र महालनोबिस यांची ही युक्ती. एकाच क्षेत्राची पाहणी दोन स्वतंत्र पथकांकडून करवून घ्यायची आणि फरक पाहायचा. मुलाला विचारले. त्याने कबूल केले, की पावसामुळे तो टपरीत चहा पीत बसला आणि अंदाजाने कागद भरला. मी त्याची रदबदली केली. म्हटले, “एकाच दिवसाचा प्रश्न आहे, बाकीचे दिवस चांगले आहेत.” तिने मुलाला त्या दिवसाचे ठरलेले पैसे दिले, त्याच्याशी गोड बोलली, पण त्याचे चारही दिवसांचे कागद बाजूला काढले. “फादर, एक दिवस खोटा आहे हे कळलं. तीन दिवस खरे आहेत हे कशावरून कळणार?”

मला माझे वार्षिक तक्ते आठवले. मी गप्प राहिलो.

पुढे चित्रफिती पाहण्याचे काम सुरू झाले. रोज रात्री जेवणानंतर धर्मगृहाच्या कार्यालयात तिच्या संगणकासमोर आम्ही बसायचो. ती एका टोकाला, मी दुसऱ्या; एकमेकांचे न पाहता ‘थोडक्यात टळले’ त्या प्रसंगांवर खूण करायची. माझ्या खुणा नेहमी तिच्यापेक्षा जास्त निघत. मला वाटे, तरुण वयात तिला भय कमी वाटत असेल. एका रात्री तिने माझ्या खुणांची यादी समोर ठेवली आणि विचारले, “फादर, तुम्हाला डॉ. पां. वा. सुखात्मे माहीत आहेत?”

नाव ऐकून होतो. सातारा जिल्ह्यातील बुध गावचे सुखात्मे फर्ग्युसन महाविद्यालयात शिकले, लंडनमध्ये संख्याशास्त्राची डॉक्टरेट मिळवली, जागतिक अन्न आणि कृषी संघटनेत वीस वर्षे काम केले आणि अखेरच्या काळात पुण्यातच होते. १९९७ साली ते निवर्तले. तिने त्यांच्या एका कामाची हकीकत सांगितली. १९४० च्या दशकात शेताचा उतारा काढण्यासाठी पीक कापणीचे प्रयोग चालू होते. शेतात एक लहानसा तुकडा आखायचा, त्यातले पीक कापायचे, वजन करायचे आणि त्यावरून साऱ्या शेताचा अंदाज बांधायचा. सुखात्मे यांनी दाखवून दिले, की तुकडा जितका लहान, तितका उताऱ्याचा अंदाज फुगलेला येतो. कारण आखलेल्या रेषेवर जे रोप असते, ते आत धरायचे की बाहेर, हे कापणाऱ्याच्या हातात असते. आणि हात बहुधा ते रोप आत घेतो. यात कोणाची लबाडी नसते. समोर कणीस दिसत असताना ते सोडवत नाही, एवढेच. लहान तुकड्याला आकाराच्या मानाने काठ जास्त, म्हणून चूकही जास्त.

मी शेतकऱ्याच्या घरातला. लहानपणी आमच्या बाजरीच्या शेतात दोरी आणि खुंट्या घेऊन आलेली माणसे मी पाहिली आहेत. दोरीवर रेललेले ताट माझ्या आजोबांनी पायाने हळूच बाहेर सारलेलेही पाहिले आहे. उतारा कमी लागला तर सारा माफ होण्याची आशा होती! आजोबांचा पाय रोप बाहेर सारत होता. माझा हात आत ओढत होता. कारण दोघांचेही एकच. आम्हा दोघांना उत्तर आधीच ठाऊक होते.

यादीतील माझ्या अधिकच्या खुणा तिने पुन्हा लावून दाखवल्या. बहुतेक ठिकाणी अंतर दोन सेकंदांच्या वर होते. मी म्हाताऱ्या माणसांपाशी हमखास खूण केली होती. त्यांना पाहिले, की मला ते गृहस्थ आठवत आणि धोका दिसू लागे. प्रत्यक्षात म्हातारी माणसे काठाशी थांबत होती, दहादा डावीउजवीकडे पाहत होती आणि मग निघत होती. त्यांचा प्रश्न वेगळा होता. पादचाऱ्याचा वेग सेकंदाला १.२ मीटर धरण्याची रीत आहे. त्या हिशेबाने बारा मीटरचा रस्ता दहा सेकंदांत पार होतो. सेकंदाला ०.८ मीटर चालणाऱ्या आजीबाईंना तेथे पंधरा सेकंद लागतात, आणि मधे थांबायला जागा नसेल, तर ती जास्तीची पाच सेकंदे वाहनांच्या दयेवर काढावी लागतात.

खरोखर टळलेले प्रसंग मात्र भलत्याच जागी दाटले होते. आमचा थांबा, रस्ता ओलांडण्याची जागा येण्याच्या थोडा अलीकडे आहे. बस थांबली, की उतरलेली माणसे तिच्या पुढून रस्त्यावर येत. आणि मागून आलेल्या दुचाकी बसच्या उजव्या अंगाने पुढे काढत. बसच्या आड दोघे एकमेकांना दिसत नसत. पलीकडून बस येताना दिसली, की आयाबाया मुलांचे हात धरून फाटकातून तिरक्या धावत. तेही त्याच जागी येऊन अडकत. त्या मुलाने सांगितलेले प्रत्येक वाक्य चित्रफितीत पुन्हा पुन्हा दिसत होते. फक्त इतर लोक वाचत होते.

आम्ही मागितलेला गतिरोधक फाटकासमोर, म्हणजे त्या जागेपासून चाळीस पावले दूर पडला असता.

आता अर्ज मागे घेऊन नवा लिहिणे आले. शेकडो सह्यांचा अर्ज चुकीचा होता, हे लोकांना सांगण्याचे काम माझे होते. एका रविवारी मिस्सेनंतर सभा घेतली. काही जण नाराज झाले. “आपणच मागणी बदलली, तर कोण लक्ष देणार?” असे एका जाणत्या गृहस्थांनी विचारले. मी उत्तर शोधत होतो, तेवढ्यात मागून त्या वृद्धांचा मुलगा उभा राहिला. तो म्हणाला, “वडील कुठं पडले ते मला ठाऊक आहे. गतिरोधक तिथं नाही पाहिजे. थांबा पुढं सरकवा, म्हणजे माणसं बसच्या मागून येतील.” एवढे बोलून तो खाली बसला. त्यानंतर कोणी काही बोलले नाही.

नव्या अर्जासोबत तिने चार पानांची पाहणी जोडली. पहिल्याच पानावर तिने लिहिले, की ही पाहणी थोड्या दिवसांची आहे, एकाच ठिकाणची आहे आणि पावसाळ्यातील आहे. तिच्यावरून शहराविषयी काही म्हणू नये. मी म्हटले, “सुरुवातीलाच असं लिहिलंस, तर वाचणारा कागद बाजूला ठेवील.” ती म्हणाली, “ठेवू दे. पण वाचला, तर त्याला तो खरा वाटेल.” कागद वाचला गेला. वेळ लागला, फेऱ्या माराव्या लागल्या, पण थांबा ओलांडण्याच्या जागेच्या पुढे गेला आणि दुभाजकात माणसाला थांबण्यापुरती जागा केली गेली.

पुण्याला अशा कामाची परंपरा आहे, हे मला तिच्यामुळे कळले. गोखले अर्थशास्त्र संस्थेची स्थापना १९३० साली झाली आणि पाचच वर्षांत, १९३५ मध्ये, संस्थेचे प्रमुख धनंजयराव गाडगीळ यांनी गोगटे या सहकाऱ्यासमवेत मुंबई इलाख्यातील सहा जिल्ह्यांच्या मोटार बस वाहतुकीची पाहणी प्रसिद्ध केली. राज्य परिवहनाचे नावही तेव्हा नव्हते. गाड्या खाजगी होत्या. मोजल्याशिवाय बोलायचे नाही, ही शिस्त लावणारी माणसे याच शहरात होऊन गेली. आम्ही त्यांची नावे रस्त्यांना देतो. त्यांनी घालून दिलेली रीत मात्र विसरतो.

आता दोन वर्षे होत आली. या काळात आमच्या समोरच्या रस्त्यावर कोणी गेले नाही. मागच्या महिन्यात, देवळाच्या वार्षिक सणाच्या तयारीत असताना, मी तिला म्हटले, “या वेळी प्रवचनात सांगणार आहे, की आपल्या लेकीच्या अभ्यासामुळे हा रस्ता सुरक्षित झाला.”

तिने हात जोडले. “फादर, तेवढं सांगू नका. आधीच्या सहा वर्षांतही कोणी गेलं नव्हतं. हरभरे विसरलात का?”

“मग काय सांगू?”

“माणसं आता बसच्या मागून येतात आणि दुभाजकात थांबतात, एवढं सांगा. ते आपण मोजलंय.”

सणाच्या दिवशी मी तेवढेच सांगितले. तिचा प्रबंध अजून पुरा व्हायचा आहे. तिची आई अजूनही चार घरी पायी जाते आणि मी विचारले तर अजूनही म्हणते, की आज कुठे गेले नाही. मी मात्र रविवारी बाकांच्या रांगा नजरेने मोजणे सोडले आहे. दोन मुले दोन दारांशी उभी असतात आणि मिस्सेनंतर आपापला आकडा कागदावर लिहून देतात. गेल्या वर्षीच्या तक्त्यात आमची उपस्थिती एकदम घटलेली दिसली, तेव्हा वरून विचारणा झाली, की फादर, तुमच्या धर्मग्रामात काही अडचण आहे का? मी कळवले, की माणसे पूर्वीइतकीच येत असावीत. काठावरची रोपे आत घेणे तेवढे मी थांबवले आहे.